फॉरमॅट नको, क्लोन करा: जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

माझ्या दुकानात लॅपटॉप येतो तो "फार स्लो झालाय, फॉरमॅट मारा" असं म्हणतच. मी आधी विचारते, आत काय काय आहे? छापखान्याच्या मशीनमध्ये श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असतं, करसल्लागाराच्या मशीनमध्ये हिशेबाचं टॅली, आणि त्यांच्या सीड्या नि लायसन्सचे कागद कुठे ठेवलेत ते कुणालाच आठवत नाही. अशा वेळी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घालायची आणि आतलं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं, म्हणजे क्लोन करायचं. नुसते फोल्डर कॉपी करून प्रोग्राम चालत नाहीत, कारण त्यांच्या नोंदी विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, रजिस्ट्रीत असतात.

खरेदीआधी झाकण उघडून बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) हार्डडिस्क असते, तिथे ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. नव्यात एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असतो आणि लोक फसतात ते इथेच: दिसायला सारख्याच पट्ट्या, पण एक साटा, दुसरी जास्त वेगवान एनव्हीएमई. स्लॉट कुठली चालवतो ते मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा. जुनी ५१२ जीबी असेल तर नवी ५०० ची घेऊ नका. विंडोजमध्ये त्या ४७६ आणि ४६५ जीबी दिसतात, आणि क्लोनझिला हे क्लोन करायचं मोफत सॉफ्टवेअर नेहमीच्या पद्धतीने लहान डिस्कवर क्लोन करत नाही.

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्याच. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. होम आवृत्तीत तेच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने बसलेलं असतं. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवा, नव्या डिस्कवर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्याची चिंता नको. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र क्लोनच्या भानगडीत न पडता पहिल्यांदा डेटा बाहेर काढा.

साटावरून एनव्हीएमईवर जाताय? मग क्लोन करण्याआधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये 'सेफ बूट' टिक करून ठेवा, म्हणजे विंडोज सेफ मोडमध्ये, मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होतं. नाहीतर पहिल्याच बूटला 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येऊ शकतो. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ हवा. (तो कुणाचाच पाठ नसतो!) एकदा सुरू झालं की टिक काढा.

नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून जोडा, चार्जर लावा. क्लोनझिला वापरा किंवा एसएसडीच्या कंपनीचं टूल. सी ड्राइव्ह एकटा नाही, बूटसाठी लागणाऱ्या ईएफआय पार्टिशनसकट (डिस्कचा वेगळा भाग) अख्खी डिस्क निवडायची. सोर्स (जुनी) आणि डेस्टिनेशन (नवी) मॉडेल नंबर वाचूनच ठरवा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

काम झाल्यावर लॅपटॉप बंद करा, बॅटरीचा कनेक्टर काढा, डिस्क बदला. पहिल्या बूटला जुनी डिस्क जोडलेली नको, दोन्हींची ओळख एकच असल्याने गोंधळ होतो. नवी डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह वाढत नसेल, तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं बसलेलं असतं. जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या टूलने ते शेवटी सरकवा.

श्रीलिपीत एक पान टाइप करून प्रिंट काढा, टॅलीतली कंपनी उघडून बघा. आणि पुढचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.