फोटो अर्धा राखाडी झालाय? दुरुस्तीच्या नादात या चुका टाळा

श्रावणात धुळ्याला मावशीकडे कानबाई (आमची खानदेशची देवी) बसली होती, कार्डवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेत होतो आणि मधेच लाईट गेली. परत आली तेव्हा आजीचा कानबाईसमोर हात जोडलेला फोटो खांद्यापासून खाली पूर्ण राखाडी. घाबरून मी तो एडिटरमध्ये उघडला आणि सेव्ह केला.

सगळ्यात मोठी चूक हीच. बिघडलेली जेपीईजी (म्हणजे नेहमीची .jpg) फाईल उघडली की सॉफ्टवेअर न वाचता आलेल्या जागी राखाडी रंग भरून दाखवतं, पण फाईलमध्ये पुढचा डेटा कधीकधी असतो. सेव्ह केलं की तो डेटा कायमचा गेला, आणि वरचा चांगला भाग पण परत कॉम्प्रेस होऊन क्वालिटी उतरते ते वेगळंच. म्हणून आधी फाईलची कॉपी करा आणि जे काय करायचं ते कॉपीवर.

दुसरं म्हणजे कार्ड. विंडोज विचारतं, स्कॅन करून दुरुस्त करू का, आणि आपण हो म्हणतो. तसं करू नका, फॉरमॅट नको, नवीन फोटो काढणं तर अजिबात नको. कॉपी अर्धवट झाली असेल तर मूळ फाईल कार्डवर सहसा धडधाकट असते, माझी होतीच, परत कॉपी केली आणि आजी पूर्ण मिळाली. कट-पेस्ट केलं असतं तर धाकधूक होती. कार्डवरून डिलीट झालं असेल तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण त्याने काढलेल्या फाईली त्याच कार्डवर ठेवायच्या नाहीत.

मग बिघाड कुठे आहे ते बघा. फोटो उघडतच नसेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाईट, म्हणजे आतले आकडे, जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरुवात बघायची, जेपीईजी एफएफ डी८ ने सुरू होते. फक्त सुरुवातीचा भाग म्हणजे हेडर खराब असेल तर त्याच फोनच्या, त्याच साईजच्या आणि सेटिंगच्या चांगल्या फोटोचं हेडर बसवता येतं. लोक दुसऱ्याच मोबाईलचं बसवतात आणि रंगांचा चिखल होतो, कारण हेडरमधली टेबलं, म्हणजे डेटा उलगडायचे तक्ते, जुळत नाहीत (काही फोन तर प्रत्येक फोटोला वेगळी टेबलं बनवतात, तिथे हा उपाय चालतच नाही).

मधूनच रंग बदलला किंवा चित्र बाजूला सरकलं असेल तर एखादा बाईट बिघडलेला असतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक ८ बाय ८ च्या चौकोनाचा सरासरी उजेड मागच्या चौकोनाशी फरक म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे एक चूक झाली की बहुतेक वेळा पुढे सगळीकडे जाते. हे बाईट पातळीवर नीट केलं तर परत कॉम्प्रेस होत नाही. पण तिथे नुसते शून्यच भरलेले दिसले तर भाऊ, पैसे घालवू नका, तिथे डेटाच नाही. मग एक्झिफटूल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने फाईलच्या आतला छोटा प्रीव्ह्यू काढून बघा, रॉ फाईल (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाईल) असेल तर बऱ्याचदा चांगला मोठा जेपीईजी निघतो.

दुरुस्तीला कोणाला पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो परत कॉम्प्रेस होऊनच पोचतो. आणि एआयने राखाडी भाग भरून घेतला तर हात येतील, पण ते आजीचे नसतील.