माझा अनुभव: हॅम रेडिओची पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबली की लूप अँटेनाची मोटर आपोआप फिरायची

दारव्ह्याजवळ आमच्या गावी स्लॅबवर एक मीटरचा तांब्याच्या पाइपचा लूप अँटेना आहे, वर ट्यूनिंगचा कॅपॅसिटर, तो फिरवायला नेमा १७ स्टेपर (स्टेप-स्टेपनं फिरणारी मोटर), खाली खोलीत आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) अन् मोटर चालवणारा ए४९८८ ड्रायव्हर. ७ मेगाहर्ट्झवर रिसीव्हला झकास ट्यून व्हायचा, पण २० वॉटवर पीटीटी दाबली की मोटर दोन-चार स्टेप सरकायची अन् एसडब्ल्यूआर (अँटेना किती बिनसलीय त्याचा आकडा) डायरेक्ट वर. अशा लूपची बँडविड्थ (ट्यून राहण्याचा पट्टा) जेमतेम काही किलोहर्ट्झ, तेवढंसं सरकलं तरी खेळ खलास. सप्लाय बदलला, कोड दोनदा लिहिला, काहीच नाही. लय वैतागलो होतो.

गडबड आरएफची (ट्रान्समिटच्या रेडिओ लहरींची) होती, कंट्रोल केबलच अँटेना बनून ड्रायव्हरला खोट्या पल्स देत होती. आधी केबल लूपच्या बाजूनं लोंबकळत होती ती काढून मधोमध मास्टला चिकटवून सरळ खाली आणली. मग आरएफ अडवायला ४३ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) फेराइट रिंगवर केबलचे दहा-दहा वेढे, एक रिंग मोटरजवळ, एक ड्रायव्हरजवळ, दोन्ही लागतात बरं, एकीनं अर्धंच काम झालं. नंतर ड्रायव्हरच्या स्टेप अन् डायरेक्शन पिनवरून ग्राउंडला १०२ नंबरचे (१ नॅनोफॅरड) सिरॅमिक कॅपॅसिटर, पाय एकदम आखूड. शेवटी कोडमध्ये ट्यूनिंग झालं की ड्रायव्हरची एनेबल पिन हाय करून तो बंद, म्हणजे पल्स घुसली तरी मोटरला करंटच नाही; मोटरला गिअर असल्यानं कॅपॅसिटर जागीच राहतो.

आता ५ वॉटवर ट्यून करतो, मग २०. एसडब्ल्यूआरची सुई हलत नाही. ट्रान्समिट चालू असताना कॅपॅसिटरला हात लावू नका भाऊ, तिथं हजारांत व्होल्ट असतात, शाफ्टला प्लास्टिकचं कपलिंग हवंच.