फोटोंचं कॉमिक करायचंय? मग संवादाच्या बबलला जागा सोडून फोटो काढा

कॉमिक करायला चित्रं काढता यायलाच पाहिजेत असं काही नाही, इटलीत १९४७ पासून फोटोंच्या चौकटी लावून प्रेमकथांची मासिकं निघायची आणि लोक ती आवडीने वाचायचे, आणि आता तर कॅमेरा खिशातच असतो.

आधी गोष्ट छोटी घ्या, चार चौकटींची. समजा आई म्हणते छत्री घे, पोरगा म्हणतो नको गं, मग तो पावसात, मग दारात ओल्या चपला. कागदावर काड्यांची माणसं काढून चौकटी आखा आणि कोण आधी बोलतंय ते तिथेच ठरवा, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे आई आधी बोलणार तर ती डावीकडे उभी पाहिजे आणि तिचा बबल वर, पोराचा थोडा खाली उजवीकडे. हे शूटच्या आधी ठरलं नाही तर नंतर बबलच्या शेपट्या एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या नीट बसत नाही. दोघांच्या जागा मधेच बदलू नका, कॅमेरा एकाच बाजूला ठेवा.

फोटो काढताना डोक्यावर भरपूर मोकळी भिंत सोडा, नेहमीच्या फोटोत ती वाया गेल्यासारखी वाटते पण इथे तिथेच संवाद बसतो. मागचं कॅलेंडर, सिलिंडर, वाळत घातलेले कपडे सगळं काढून टाका. चित्रकार नको ते काढतच नाही, आपल्याला मात्र ते हाताने उचलून बाजूला ठेवावं लागतं! स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो, ते करा, आणि घरातल्या चौकटी एकाच खिडकीच्या उजेडात एका दमात उरका.

पावसाच्या चौकटीसाठी पोराला खरंच भिजवायची गरज नाही, निथळणाऱ्या केसांचा क्लोजअप पुरे. आणि चपलांच्या चौकटीत "सांगितलं होतं ना" असं लिहायचा मोह होईलच, पण प्लीज लिहू नका, वाचणाऱ्याला ते चपला बघूनच ऐकू येतं.

फोटो आणि बबलची जुळवणी गिंप किंवा क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होते. छापायचं असेल तर ए४ पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. सगळ्या फोटोंना एकच ट्रीटमेंट द्या, मला स्वतःला कडक कॉन्ट्रास्टचं ब्लॅक अँड व्हाइट आवडतं, वेगवेगळे उजेड त्यात बरेचसे मिटतात. फॉन्ट 'मुक्त' किंवा 'बलू' नावाचा घ्या, दोन्ही फुकट आहेत, पण दोन ओळींत अंतर जरा जास्त ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटतो. इंग्रजी कॉमिकसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ओरडणं दाखवायला अक्षर जाड आणि मोठं करा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की बारीक अक्षरं फुटतात.