कॅम्परमध्ये दुसरा एसी बसवताय? या चुका टाळा

कॅम्पर ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, दुसरा एसी लावायचा विचार लोकांच्या डोक्यात साधारण एप्रिलअखेर येतो. काशिद किंवा तारकर्लीची एक सहल झालेली असते. पुढचा एसी दिवसभर घरघरत असतो आणि तरी मागच्या बंकवर झोपलेले आईबाबा घामाने निथळत असतात. मग घरी परतल्यावर पहिला फोन येतो, "दादा, मागे अजून एक टनाचा टाकून द्या."

टाकता येतो, प्रश्न तो नाही. पण नवी मुंबईच्या तुर्भे-कळंबोली पट्ट्यात ही कामं करताना सारखं दिसतं ते हे, की दुसरा एसी फसतो तो बहुतेक वेळा प्लगपाशी. एसीत काही खोट नसते.

पहिला एसी न तपासता दुसऱ्याची ऑर्डर

साधा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी वीसेक मिनिटं चालू द्या. हवा आत ओढली जाते तिथलं तापमान घ्या आणि जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेचंही घ्या. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपलं काम करतोय. ४-५ अंशच मिळत असतील तर दुसरा लावण्याआधी पहिल्याची सर्व्हिस करा. तळोजा एमआयडीसीच्या रस्त्यांवरची धूळ आणि किनाऱ्यावरची खारी हवा मिळून कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या) पत्र्यांवर असा काही थर बसवतात की हवा आरपार जातच नाही. कमी दाबाच्या पाण्याने कॉइल धुतली की कित्येकांचा 'दुसरा एसी' तिथेच रद्द होतो. आमचं काम बुडतं, पण खरं ते खरं.

उष्णता आत कुठून येते, हेही बघा. बिनरंगी किंवा गडद छत, पडदे नसलेल्या काचा आणि सतत उघडझाप होणारं दार, एवढ्यावर एक टन सहज खर्ची पडतो. पांढरं छत आणि काचांना बाहेरून लावायचे चमकदार पडदे हा त्यातला सगळ्यात स्वस्त इलाज.

एवढं करूनही मागची खोली तापत असेल, तर दुसरा एसी घ्या, पण लहान घ्या. पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. कोकणातल्या दमट हवेत अति मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि बंद पडतो. दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंथरूण गार पण ओलसर लागतं ते यामुळे.

अमेरिकन व्हिडिओंवरून केलेला हिशेब

'दोन एसी हवेत तर ५० अँपिअरचं कनेक्शन लागतं, ३० वर चालत नाहीत,' हे वाक्य अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये सारखं ऐकू येतं. ते तिथे बरोबर आहे. तिथला ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टवर चालतो, म्हणजे ३,६०० वॅट. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइनी असतात, म्हणजे एकूण १२,००० वॅट. आपल्याकडे ३० आणि ५० हे आकडे तसेच उचलण्यात अर्थ नाही. आपला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर ३,६८० वॅट देतो. म्हणजे रिसॉर्टच्या भिंतीवरचं तुमचं ते एक सॉकेट जवळपास त्यांच्या ३० अँपिअरएवढं झालं.

आता बेरीज करा. एक टनाचा एसी भर उन्हात साधारण १,००० ते १,२०० वॅट खातो. दोन झाले २,२०० च्या आसपास. त्यात फ्रिज, दिवे, चार्जर. इथपर्यंत निभतं. मग सकाळी कोणीतरी चहासाठी २,००० वॅटची इंडक्शन लावतं, नाहीतर गीझर, आणि सगळा कॅम्पर अंधारात. शिवाय ३,६८० हा कागदावरचा आकडा. कुठल्यातरी बागेतलं, पावसात भिजलेलं, पिना सैल झालेलं सॉकेट तासन्‌तास पूर्ण भाराला लावू नये. तासन्‌तासचा भार ३,००० च्या आत ठेवा.

यावर उपाय मोठ्या कनेक्शनचा नाही, शिस्तीचा आहे. मागचा एसी आणि इंडक्शन एकाच चेंजओव्हर स्विचवर घ्या, म्हणजे एका वेळी एकच चालेल. स्वस्तात होतं आणि घरात भांडणं होत नाहीत.

त्याच व्हिडिओंमुळे होणारी आणखी एक चूक म्हणजे तिकडचा जुना रूफटॉप एसी मागवणं. तो ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण हर्ट्झ बदलत नाहीत. ६० साठी बनवलेला कंप्रेसर आपल्या ५० वर हळू फिरतो आणि तापतो. २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं प्लेटवर लिहिलेलं असेल तरच हात लावा.

"ट्रिप होतंय, तर एमसीबी मोठा टाका"

सगळ्यात जास्त ऐकलेलं आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, एसीसाठी नसतो, वायरसाठी असतो. आत २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि वर ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे आता वायर तापली तरी कोणी थांबवणारं नाही. कॅम्परमध्ये ती वायर प्लायवूड आणि फोमच्या मधून गेलेली असते.

ट्रिप कधी होतं ते आधी बघा. दोन्ही एसी आरामात चालतात, पण वीज जाऊन परत आली की लगेच उडतं, असं असेल तर दोघांचे कंप्रेसर एकाच क्षणी उठतायत. जुन्या पद्धतीचा, इन्व्हर्टर नसलेला कंप्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. दुसऱ्या एसीला तीन मिनिटांचा टाइम डिले लावला की बहुतेक वेळा प्रश्न संपतो. अर्ध्या-पाऊण तासाने उडत असेल तर भार जास्त आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तुटणारा स्विच, उडत असेल तर तो बायपास करायचा नाही. गळती शोधायची, मग ती एसीत असो, नाहीतर गीझरच्या कॉइलमध्ये. पायरीवर ओला पाय ठेवून दाराची कडी धरल्यावर झिणझिण्या आल्या, तर सरळ प्लग काढा. बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही.

प्लग हातात घेऊन बघायची सवय लावा. तासाभराने पिना कोमट लागल्या तर चालतं. हात ठेववत नाही, पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, मासळीसारखा वास येतोय, तर ते सॉकेट सोडा.

एक्स्टेंशनचं तसंच. ३० मीटरची, १ चौरस मिलिमीटरची बाजारू रील घेतली तर १२ अँपिअरला साधारण १३ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ ची घेतली तर पाचेक. गावाकडे व्होल्टेज आधीच २०० असेल तर हा फरक एसी चालणं आणि बंद पडणं यातला असतो. रील पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली केबल आतून वितळते.

काही जण दोन एसींसाठी दोन खोल्यांतून दोन वायरी ओढतात. प्रत्येक एसीचं सर्किट पूर्ण वेगळं असेल, न्यूट्रलसुद्धा, तरच हे ठीक. दोन्ही वायरी आत एकत्र जोडायच्या नाहीत. त्या दोन वेगवेगळ्या फेजवर असल्या तर मध्ये ४०० व्होल्ट उभे राहतात.

जनरेटर आणि बॅटरी

जनरेटरवर दोन एसी चालवायचे तर ३ केव्हीए हा आकडा बघून भुलू नका. केव्हीए आणि प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॅट एक नाहीत, आणि लेबलवरचा मोठा आकडा बहुतेकदा थोड्या वेळापुरता असतो. पण मला जास्त काळजी धुराची वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि एसी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपलेल्या माणसाला कळण्याचा संबंध नाही. दुसऱ्या एसीसाठी तळाला किंवा भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी बंद करा. जनरेटर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यात काटकसर नको.

बॅटरीवर रात्रभर दोन एसी, हे स्वप्न लिथियमवाले विकतात. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १.२८ युनिट वीज असते. एक एसी सरासरी ६०० वॅट खात असेल तर दोन तासांत ती संपली. पुढचं गणित तुम्हीच करा.

छत, पाणी आणि गरम हवा

रूफटॉप एसीसाठी छताला साधारण १४ इंच बाय १४ इंचांचं भोक लागतं. आधीच्या व्हेंटच्या जागी बसवणं सोपं, पण मग स्वयंपाकाची वाफ काढायला काही उरत नाही. नवीन भोक पाडताना छतातली आडवी चौकट कापली गेली तर चाळीसेक किलोच्या ओझ्याने छत खचतं, आणि त्या खळग्यात जुलैचं पाणी साचतं. पीयूएफचं (फोम भरलेलं) पॅनेल असेल तर भोकाच्या कडेने आतून लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट हवीच. नाहीतर बोल्ट आवळताना फोम चिरडतो. गॅस्केट जाडीच्या निम्म्यावर येईपर्यंत चारही बोल्ट आलटून-पालटून आवळा, एकच कोपरा नाही. त्याच्याखाली सिलिकॉन थापू नका. पहिल्या घाटानंतर बोल्ट पुन्हा तपासा.

घरगुती स्प्लिट लावत असाल तर दोन आउटडोअर युनिट समोरासमोर ठेवू नका. एकाची गरम हवा दुसरा ओढतो. एकेकटा चालवला की मस्त गार, दोन्ही लावले की दोन्ही कोमट, ही तक्रार असेल तर मीटर लावून तपासायच्या आधी पंख्यांची दिशा बघा. कॉपर पाइपला सरळ ताणून जोडू नका. एखादा वळसा द्या, नाहीतर खड्ड्यांत फ्लेअरचा (पाइपचं तोंड पसरवून केलेला) जोड सुटून गॅस जातो. बंकवर पाणी टपकत असेल तर ट्रेलर तोंडावर झुकलाय का ते पाहा. ड्रेन पाइप मागे उतार धरून काढलेला असतो.

वजन

ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागी, असावा. समजा ट्रेलर ९०० किलोचा आणि हिचवर ९० किलो. अॅक्सलच्या (चाकांच्या दांड्याच्या) अडीच मीटर मागे ४५ किलोचा एसी बसवला आणि हिच अॅक्सलपासून साडेतीन मीटर पुढे असेल, तर हिचवरचा भार ५८ वर येतो. असा ट्रेलर एक्स्प्रेस-वेवर ट्रक बाजूने गेला की शेपूट हलवायला लागतो. त्यामुळे दुसरा एसी शक्यतो अॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे, आणि जड बॅटऱ्या पुढच्या बाजूला. बसवून झाल्यावर कळंबोलीत कुठल्याही काट्यावर एकदा वजन करून घ्या.

काम सुरू करण्याआधी आरसी घेऊन आरटीओत विचारा, मग गाडी एमएच ०४ असो वा एमएच ४३. आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडतात. लेखी काय मिळतं ते जपून ठेवा. अपघातानंतर विम्याचा माणूस तेच आधी मागतो.