बेल्जियन बिअर चाखायला बसताय? आधी या चुका टाळा

वरुडजवळच्या आमच्या मळ्यात वर्षातून एकदा हा बेत ठरतो. पुण्याचा दोस्त नागपुरात उतरतो, सात-आठ बाटल्या घेतो आणि आम्ही संत्र्याच्या बागेत बाज टाकतो. दरवर्षी सोबत कोणीतरी नवा गडी असतो आणि तोही त्याच चुका करतो. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहितो.

पहिली चूक म्हणजे जहाल बाटली आधी फोडणं. मागच्या खेपेच्या पाहुण्याने बाटल्यांवरचे अल्कोहोलचे टक्के वाचले आणि "पोट्ट्यायची बिअर मंग पाहू" म्हणत थेट ड्यूव्हेल उघडली. ८.५ टक्के. दिसायला फिकट पिवळी, फेसाळ, गरीब गाय. नावाचा अर्थ मात्र सैतान! अख्खी एकट्याने घेतली, वरून ९.५ टक्क्यांची वेस्टमाल ट्रिपल. साडेबाराला गडी बाजेवर आडवा. संध्याकाळी उठून होगार्डन तोंडाला लावली तर म्हणे, "हे तं पानीच आहे ना बे!" पाणी कसलं? ४.९ टक्क्यांची गव्हाची बिअर ती, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. आमच्या बागेत बसून प्यायला यापरती दुसरी नाही. पण त्याची जीभच बधिर झालेली. माझा क्रम ठरलेला आहे: आधी गव्हाची, मग फिकट, मग आंबट, जड आणि काळपट सगळ्यात शेवटी. शिमे ब्लू तशीच जड, काळपट; ती दिवस मावळल्याशिवाय उघडत नाही. तिघांत एक बाटली, मध्ये माठाचं पाणी. ज्याला घाई आहे त्याने गावातल्या बारमध्ये बसावं, तिथे कोणी अडवत नाही.

दुसरी चूक आठवली की अजून जीव जळतो. आंबट लागली म्हणून ओतून देणं! माझ्याच चुलतभावाने ग्यूझचा एक घोट घेतला, "खराब झाली हे" म्हणाला आणि उरलेली सगळी संत्र्याच्या आळ्यात. अरे, ती आंबटच असते! ब्रुसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात, धान्याचा उकळलेला रस उघड्या पसरट भांड्यात रात्रभर निववतात. हवेतलं यीस्ट त्यात आपसूक उतरतं. मग लाकडी पिंपात मुरवायचं, ते लॅम्बिक. एक, दोन आणि तीन वर्षांचं असं लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलं की झाली ग्यूझ. ज्वारीच्या आंबिलीवर वाढलेल्या माणसाने आंबटाला नाक मुरडावं, याचं मला नवल वाटतं. खरी बिघडते ती उन्हाने. हिरव्या बाटलीतून ऊन लागलं की हॉप्समधला (बिअरला कडू करणारी फुलं) कडूपणा फिरतो आणि उग्र दर्प येतो. गाडीत काचेजवळ बाटल्या ठेवू नका, पोत्यात गुंडाळा.

फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका. विसरलात की फुटते, आणि न फुटली तरी इतक्या गार बिअरला वास उरत नाही. वासच गेला तर एवढे पैसे कशाला मोजले? जड बिअर मी फ्रीजमधून वीस मिनिटं आधी काढतो. मे महिन्यात पाच पुरतात.

स्टीलचा पेला नको, काचेचा घ्या. तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. होगार्डनचा मात्र हलवून ओतायचा. सोबत ठेचा किंवा सावजी मटण नको, फुटाणे आणि उकडलेल्या शेंगा बऱ्या. मटण रात्री.

दारूचा परवाना खिशात असू द्या आणि रस्ता बघून निवडा. नागपूर-अमरावती हायवेवर कारंजा घाडगे, तळेगाव लागतं, तो वर्धा जिल्हा, म्हणजे दारूबंदी. आम्ही काटोल-जलालखेड्यावरून येतो.

आणि मोटारसायकलची चाबी. ती मी सकाळीच सगळ्यांकडून गोळा करून घरी आईकडे देतो. त्या पाहुण्याने मागच्या वेळी दोनदा मागितली. आईने दोन्ही वेळा त्याला ताक दिलं.