हॅट्रिकमध्ये पोरांचं ट्रेनिंग थांबवायचं कधी

हॅट्रिक खेळणाऱ्या प्रत्येकाला एक आजार होतो, 'अजून एक पॉप' (पॉप म्हणजे खेळाडूचं स्किल एका लेव्हलने वर जाणं). पोरगा प्लेमेकिंगच्या स्किलमध्ये लेव्हल 11 ला आला की वाटतं 12 करू, 12 झाला की आता 13 तरी बघूच, आणि हे करता करता पोरगा बावीसचा होतो, पगार डोक्यावर बसतो आणि विकायला काढला की बोली लागते ती सहा महिन्यांपूर्वी मिळाली असती त्यापेक्षा कमी. मला पण झालाय हा आजार, दोनदा.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅट्रिक म्हणजे 1997 पासून चालू असलेला स्वीडनचा ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेम, ट्रेनिंग आठवड्यातून एकदाच, सीझन 16 आठवड्यांचा आणि खेळाडूचं एक वर्ष म्हणजे आपले 112 दिवस.)

आधी स्लॉट, म्हणजे ट्रेनिंग मिळणाऱ्या जागा, समजून घ्या, कारण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. प्लेमेकिंग लावलं तर पूर्ण ट्रेनिंग फक्त इनर मिडफिल्डरना, मॅचला तीन, लीग आणि मिडवीकची फ्रेंडली धरून आठवड्याला सहा जण. विंगरना अर्धं मिळतं. गोलकीपर ट्रेन करणाऱ्याकडे तर आठवड्याला दोनच जागा. म्हणजे तुम्ही पोरगा ट्रेन करत नसता, तुम्ही एक सीट भाड्याने देत असता. म्हणून प्रश्न 'हा अजून वाढेल का' असा नाहीच, वाढेल की. प्रश्न हा की या सीटवर दुसरं कोणी बसलं तर जास्त पैसे सुटतील का.

आकडे धरून बघू, हे मी सोयीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. पोरगा 20 वर्षं 96 दिवसांचा, आत्ताच प्लेमेकिंग 12 पॉप झालाय. पुढच्या पॉपला धरा 10 आठवडे, पगार आठवड्याला 20 हजार, म्हणजे 2 लाख पगारातच गेले. किंमत वाढेल समजा 3 लाखांनी. कागदावर 1 लाख फायदा, खूश. आता त्याच सीटवर सतरा वर्षांचा, 7 प्लेमेकिंगवाला बसवा. लहान वय आणि खालची लेव्हल, दोन्हीमुळे ट्रेनिंग भराभर होतं, 10 आठवड्यांत दोन पॉप धरा, किंमत वाढली अडीच लाख, पगार 2 हजारांप्रमाणे 20 हजार. सुटले 2 लाख 30 हजार. मोठा पोरगा हरला, आणि अजून त्याचा वाढदिवस आपण मोजलेलाच नाही!

वाढदिवसाचं गणित नवीन लोक हमखास विसरतात. पगार स्किल वाढल्या वाढल्या बदलत नाही, वाढदिवसाला नव्याने ठरतो. वरच्या पोराला वाढदिवस 16 दिवसांवर आहे, म्हणजे ते 20 हजार जेमतेम दोन आठवडे, पुढे 12 लेव्हलचा पगार सुरू. आणि 10 आठवड्यांनी पॉप होईल तेव्हा तो 21 वर्षं 54 दिवसांचा असेल. ट्रान्सफर मार्केटमध्ये लोक वयाचा फिल्टर लावून शोधतात हो, वीसपर्यंत शोधणाऱ्याला तुमचा एकवीसवाला दिसणारच नाही, मग 13 असू दे नाहीतर काय.

दुसरी गोष्ट पॉपची वेळ. घेणाऱ्याला दिसते फक्त पूर्ण लेव्हल, मधलं किती भरलंय ते दिसत नाही. टीएसआयवरून (गेम दाखवतो तो खेळाडूच्या एकूण स्किलचा आकडा) अंदाज बांधणारे हुशार लोक असतात, पण त्यासाठी जास्तीचे पैसे क्वचितच मोजतात. त्यामुळे विकायचं तर पॉप झाल्या झाल्या. चार आठवडे पुढचं ट्रेनिंग देऊन मग विकलं तर ते चार आठवडे तुम्ही फुकट वाटले, घेणाऱ्याचं भलं झालं.

मी काय करतो सांगतो. प्रत्येक पॉपनंतर ट्रान्सफर कम्पेअर उघडून त्याच वयाचे, त्याच स्किलचे खेळाडू कितीला गेले ते बघतो, आणि वय एकने वाढवून, लेव्हल एकने वाढवून पुन्हा बघतो. दोन आकड्यांतल्या फरकातून मधला पगार वजा करायचा, उरलेल्याला आठवड्यांनी भागायचं, आणि हा आठवड्याचा आकडा बेंचवरच्या सतरा वर्षांच्या पोराच्या आकड्यापेक्षा कमी आला की लिस्ट करायचं. भावना मध्ये आणायच्या नाहीत. (आणतोच आपण. यूथ अकॅडमीतून आलेला पहिला पोरगा मी अजून विकलेला नाही.)

लिलाव 3 दिवस चालतो आणि एकदा लिस्ट केलं की मागे घेता येत नाही, म्हणून वयातले वर्षांपुढचे दिवस 105 च्या आसपास असतानाच टाका, म्हणजे वाढदिवसाआधी डील होईल. आणि वेळ! डेडलाइन लिस्ट केल्याच्याच वेळेला पडते, आणि गेममधले बरेचसे मॅनेजर युरोपातले, त्यामुळे आपली दुपारची डेडलाइन म्हणजे तिकडे लोक ऑफिसात. मी रात्री साडेबाराला लिस्ट करतो, तिकडे आठ-नऊ वाजलेले असतात. बायको विचारते एवढ्या रात्री कोणाला विकतोयस.

विकायचाच नसेल, स्वतःच्या टीममध्ये खेळवायचा असेल तर मात्र गणित वेगळं. तिथे मुख्य स्किल एका ठिकाणी थांबवून पासिंग किंवा डिफेंडिंगकडे वळणं बरं, कारण 14 चं 15 करायला लागणाऱ्या वेळात पासिंग 4 वरून कितीतरी वर येतं, मैदानात फरक जास्त पडतो आणि पगार तेवढा फुगत नाही. फक्त ट्रेनिंगचा प्रकार अख्ख्या टीमला एकच असतो, त्यामुळे एका लाडक्यासाठी बाकी पाच जणांचं वाटोळं करू नका, सगळी बॅच एकदम तिथपर्यंत आली असेल तरच वळा.

आणि सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढच्या माणसाला ट्रेनिंगच्या सीटवर बसवलेलं दिसलं की मला राहवत नाही. अरे उठव त्याला, खेळव विंगबॅकला.