पन्नास मीटर फ्रीस्टाइल: एक शंभरांश सेकंद कुठे सांडतो

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत २२.४७ सेकंदांत पूर्ण केली आणि त्याचं कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं. त्या वेगाने एका शंभरांशात जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर अंतर कापलं जातं, म्हणजे बोटाचं एक पेर. प्राथमिक फेरीत तो २२.४३ पोहला होता, राष्ट्रीय विक्रम करून. ही शर्यत ज्यांना गांभीर्याने पोहायची आहे, त्यांनी असा पेरापेराचा हिशेब ठेवायला शिकावं.

सुरुवात शेवटापासून करा. बहुतेक क्लबांत भिंतीला हात लावण्याचा वेगळा सराव होतच नाही, आणि सहज वाचणारा वेळ तिथेच वाया जातो. लेनच्या दोरीचा रंग भिंतीच्या ५ मीटर आधी बदलतो. तळाची काळी पट्टी २ मीटर आधी आडव्या रेघेने संपते. या दोन खुणा पाहून शेवटचे हात (स्ट्रोक) मोजायला शिका. १५ मीटरवरून पूर्ण वेगात भिंतीकडे या, असं आठ वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. शेवटचा हात पूर्ण ताणलेला असताना बोटं टचपॅडवर, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळ थांबवणाऱ्या पट्टीवर, आदळली पाहिजेत. अंदाज चुकून अर्ध्या हातापेक्षा कमी अंतर उरलं, तर हात ताणून किक जोरात मारा. जास्त उरलं, तर एक झटपट हात काढा. नुसतं घसरत जाऊ नका, कारण हात थांबताच वेग मरतो. भिंत बघायला डोकं उचललं की खांदा आखडतो, कंबर खाली जाते आणि पोच कमी होते. पॅडला दाब लागतो, म्हणून हलका हात लावूनही चालत नाही.

श्वासाचंही तसंच. ५० मीटरमध्ये एकच श्वास, जमल्यास शून्य. मान वळली की विरुद्ध बाजूचा, पुढे ताणलेला हात खाली दबतो आणि पाण्याची पकड उशिरा लागते. आधी २५ मीटर बिनश्वासाने पोहा, मग ३५. श्वास घ्यायचाच असेल तर साधारण ३० ते ३५ मीटरच्या दरम्यान घ्या, शेवटच्या १० मीटरमध्ये नको. दम रोखण्याचा सराव काठावर प्रशिक्षक असल्याशिवाय कधीच करू नका. पाण्यात शुद्ध हरपते ती पूर्वसूचना न देता.

आता सुरुवातीची उडी. जिथून उडी मारतात त्या ब्लॉकवर पुढच्या पायाची बोटं कडेवर घट्ट वळवा. मागची तिरकी पट्टी अशी लावा की मागचा गुडघा साधारण काटकोनात राहील, आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. हात, डोकं, कंबर, पाय एकाच भोकातून गेल्यासारखे पाण्यात शिरले पाहिजेत. नियमाप्रमाणे १५ मीटरच्या आत डोकं पाण्यावर यायला हवं, पण तितकं आत राहणं प्रत्येकाच्या फायद्याचं नसतं. चार, पाच आणि सहा डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून पाण्याखाली मारलेली किक) मारून १५ मीटरची वेळ प्रत्येकी तीनदा घ्या. सर्वांत कमी वेळ आली तो तुमचा आकडा. वर येतानाच्या पहिल्या हाताला श्वास घेतला, तर उडीने मिळालेला वेग तिथेच संपतो.

पूर्ण वेगाचा सराव आठवड्यातून तीनदाच करा: २५ मीटर सहा ते आठ वेळा, दर वेळी किमान तीन मिनिटं विश्रांती. विश्रांती कापली की ती दमसासाची कसरत होते आणि शरीर मंद हात शिकतं. मोठ्या स्पर्धेआधी दहा ते चौदा दिवस सरावाचं अंतर कमी करत न्या, वेग मात्र तोच ठेवा.

मुलगा किंवा मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल, तर फक्त ५० मीटरला जुंपू नका. वीरधवल २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत उतरला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. २०१० मध्ये ग्वांगझूला मिळवलेलं आशियाई कांस्य तर ५० मीटर बटरफ्लायचं.

हाताच्या घड्याळाने शंभरांश पकडता येत नाही, अंगठ्याचाच उशीर त्याहून मोठा असतो. मोबाइल तिवईवर भिंतीच्या रेषेत ठेवा, सेकंदाला २४० चौकटींचं (फ्रेम) चित्रण करा आणि शेवटचे दोन हात चौकट-चौकट करून पोहणाऱ्याला त्याच दिवशी दाखवा.